नवव्या मात्रेची मूठ

पूर्वी कृतयुगात, जेव्हा नद्यांनाही मानापमान कळत असे, तेव्हा विंध्याच्या पायथ्याशी, साल आणि अर्जुनवृक्षांच्या दाट छायेत, महर्षी शंकुकेतूंचा आश्रम होता. आश्रमाला घाट होता, घाटाला पायऱ्या होत्या. नदी मात्र नव्हती. दानवांनी सुवेणा नदीला कोंडून पाताळात नेले होते, आणि तेही महर्षींच्या डोळ्यांदेखत, अतिथी म्हणून येऊन, त्यांच्याच पानावर जेवून. तेव्हापासून त्या तपोनिधींचा विश्वास म्हणून कोणावर उरला नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो; महर्षी तर दर्भाची काडीसुद्धा उलटसुलट करून पाहत.

भगवान शंकरांनी त्यांना वर दिला होता. “बारा वर्षे रोज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सामगान कर. एकदाही लय मोडली नाही, तर सुवेणा परत येईल.” गानाचे आवर्तन सोळा मात्रांचे होते आणि त्याला हातांनी ताल देणारा होता विरूढ, शरण आलेला एक दानवपुत्र. त्याच्याइतकी अढळ लय कोणाही ब्राह्मणाच्या हातात नव्हती, म्हणून महर्षींनी नाइलाजाने त्याला ठेवून घेतले आणि बारा वर्षांना तीन दिवस कमी, इतका काळ त्याच्या हातांवरची नजर हलवली नाही.

त्या नजरेला एक गोष्ट खुपत होती. विरूढ पहिल्या मात्रेला टाळी देई, पाचव्या आणि तेराव्या मात्रेलाही देई. नवव्या मात्रेला मात्र तो उजवी मूठ घट्ट आवळून गप्प राही. महर्षींना वाटू लागले, हा दर आवर्तनात एक मात्रा चोरतो आहे, आणि चोरलेल्या मात्रा पाताळात पोचवून या गानसत्राचे पुण्य पोखरतो आहे.

अखेर त्यांनी विचारलेच. “विरूढा, नवव्या मात्रेला तुझ्या मुठीत काय असते?”

“काही नसते, भगवन्.”

“मग ती आवळतोस कशाला?”

विरूढाने मान खाली घातली. “ते सांगण्याची मला लाज वाटते.”

संशयी माणसाला एवढे पुरते. महर्षींनी आज्ञा केली, “उद्यापासून नवव्या मात्रेलाही टाळी पडली पाहिजे!”

त्यांची पत्नी सुवर्चला दासीसह उखळात नीवार कांडत होती. ती हात न थांबवता म्हणाली, “आर्यपुत्र, एका उखळात आम्हा दोघींची मुसळे पडतात, ती एकीचे वर असते म्हणूनच. दोन्ही एकदम खाली आणली तर साळी सडली जाणार नाही, बोटे फुटतील.”

“देवी, कांडण वेगळे आणि सामगान वेगळे,” महर्षी म्हणाले. विद्वानांना घरातले शहाणपण उशिराच कळते.

दुसऱ्या दिवशी चारही टाळ्या सारख्याच वाजू लागल्या. पहिल्या मात्रेची, समेची टाळी कोणती आणि नवव्या मात्रेची कोणती, हे गाणाऱ्या ऋषींना उमगेना. ज्या जागी ते श्वास घेत, ती जागाच गेली होती. स्वर धावू लागले, गळे कोरडे पडले, आणि मध्यान्हीच्या सुमारास वृद्ध उद्गाता शतभानू ऋचा अर्ध्यावर टाकून वेदीपाशी कोसळला. गान थांबले. बारा वर्षांची लय मोडली.

महर्षी क्रोधाने उठले, कमंडलूतले पाणी त्यांनी उजव्या तळहातावर घेतले. “दानवा, घात केलास! जे दडवलेस ते जगाला दिसो! तुझी ही मूठ पुन्हा कधीही न मिटो!”

विरूढाची बोटे ताडकन उघडली. तळहात रिकामा होता. नखे रुतून पडलेले चार जुने घट्टे मात्र त्यावर होते.

“भगवन्,” तो म्हणाला, “आमच्या कुळात खंड न पाडता दुंदुभी बडवतात आणि त्या तालावर शस्त्र चालवतात. माझाही हात दर वेळी नवव्या मात्रेला उगारला जाऊ पाहतो. माझ्या आईने सांगितले होते, जिथे मारावेसे वाटेल तिथे मूठ आवळ आणि थांब. बारा वर्षे मी थांबत आलो. ऋषींच्या सभेत हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?”

महर्षींच्या हातातला कमंडलू गळून पडला. त्यांना आयुष्यात प्रथमच स्वतःचा संशय आला.

तेव्हा शंकर प्रकट झाले. “शाप माझ्यानेही फिरणार नाही,” ते म्हणाले, “पण तो वाटून घेता येईल. जो जो ताल देईल, तो या जागी हात उघडून दाखवील. आणि तू, शंकुकेतो, सत्र पहिल्यापासून मांड.”

मग पुन्हा बारा वर्षे गान चालले. ज्याच्या बोटांना घास धरता येत नव्हता त्याला महर्षी रोज दोन्ही वेळा स्वतःच्या हाताने भरवीत. आधी घास निरखून पाहण्याची त्यांची सवय काही दिवस टिकली, मग तीही सुटली.

अखेरच्या संध्याकाळी नववी मात्रा आली. विरूढाने तळहात आकाशाकडे उघडला, त्याच्यासमोर बसलेल्या महर्षींनीही उघडला. गाणारे श्वासासाठी थांबले आणि त्या निःशब्द जागेत, घाटाच्या सर्वांत खालच्या पायरीवर, पाण्याचा आवाज सर्वांना ऐकू आला.

तेव्हापासून ताल देणारा त्या मात्रेला टाळी देत नाही. तो समोरच्याला आपला रिकामा हात दाखवतो, आणि समोरचा त्यावर विश्वास ठेवून समेवर येतो.