घट्ट धरणारा धातू

“मग सोडत का नाही तो?” केवळनाथबुवांनी विचारलं.

डॉक्टर उंबरकरांना नेमका हाच प्रश्न नको होता. पूर्णेकाठच्या ह्याच मठात बुवांनी त्यांना लहानाचं मोठं केलं. आता बडे शास्त्रज्ञ. तांबं आणि निकेल मिसळून त्यांनी एक मिश्रधातू केला होता. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड त्यानं धरायचा, हायड्रोजनशी गाठ घालून द्यायची, मिथेनॉल झालं की सोडायचं. धातूचं काम एवढंच.

“धरतो असा, बुवा, की जगात दुसरा कुणी धरत नसेल!”

“सोडत का नाही, ते विचारलं.”

“...धरलेलं चिकटून बसतं. पुढच्या वायूला जागाच राहत नाही. चार दिवसांत धातू मेल्यात जमा.”

“मग तू काय करतोस?”

“निकेल वाढवतो. पकड अजून पक्की.”

मग डॉक्टरच पुढे म्हणाले,

“हर्षला म्हणते, निकेल कमी करा.”

“ती कोण?”

“माझी विद्यार्थिनी. मातीची होती, मी घडवली. आता म्हणते, दुसरीकडे जाऊन स्वतःचं काम करीन. माझ्या होकाराशिवाय जाता येत नाही तिला. मी देत नाही. परवा रडून गेली... तुम्ही सांगा तिला, थांब म्हणून. तुम्ही माझे गुरू, तुमचा शब्द ती मोडायची नाही.”

बाहेर पत्रावळी पडल्या.

“पंगत बसली,” बुवा उठत म्हणाले. “भात तू वाढ.”

मठाची रीत जुनी. शेवटच्या पानावर भात पडल्याशिवाय पहिल्यानं घास उचलायचा नाही.

डॉक्टरांनी पातेलं उचललं. पहिलंच पान बुवांचं. पण शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडाला कुठली खीळ?

“मी तिला काय कमी केलं, बुवा?” एक डाव पडला.

“यंत्रं दिली. नाव दिलं.” दुसरा पडला.

“माझ्यावाचून तिचं व्हायचं कसं?” तिसरा. भात पानाबाहेर ओघळला.

बुवांनी नको म्हणून पानावर हात आडवा धरला. डॉक्टरांना दिसलाच नाही. डाव पुन्हा पातेल्यात गेला.

सगळी पंगत खोळंबली. म्हातारी माणसं, तान्ही मांडीवर घेतलेल्या बाया. कोरडी पानं पुढ्यात घेऊन बसलेली.

कुठलंसं पोर भुकेनं रडायला लागलं, तेव्हा कुठे डॉक्टरांनी मान वर केली. ओळ बघितली... हातातला डाव तसाच राहिला.

बुवा हलक्या आवाजात म्हणाले,

“माझं पान केव्हाच भरलं, बाळा. तू अजून इथंच?”