वायू कोणी सोडला?

"आमच्या तेलविहिरींतून मिथेन वायूचा एक बुडबुडाही सुटत नाही!" भर बैठकीत कंपनीचे बडे साहेब खर्डेकर गरजले आणि लगेच पुटपुटले, "म्हणजे सुटतो, पण दिसत नाही." नव्या सरकारी नियमांतलं दर तिमाहीला गळती तपासायचं कलम आज टिकलं, तर संध्याकाळी मंत्र्यांच्या सहीला जाणार होतं. साहेबांना ते उडवायचंच होतं. "तपासता कशाला? नुसतं विचारा, आम्ही सांगू की! शिवाय याला ना रंग, ना वास, ना आवाज. मग तो आम्हीच सोडला कशावरून?" आपल्याच युक्तिवादावर खूश होऊन त्यांनी मिशीवर ताव दिला.

नियमांचा मसुदा लिहिणाऱ्या सरकारी अधिकारी शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, भरल्या पंगतीत वायू सुटला, की जो तो हेच म्हणतो. नुसतं विचारून आजवर कोणी कबूल केलंय का?"