उडदाचा दाणा

“...म्हणजे लोकांचं मन फिरलं, असाच याचा अर्थ ना, बुवा?”

शिदोजीने मडकं पुढे सरकवलं. स्वारी भलतीच खुशीत होती. राजाने त्याला लढाईबद्दलचं लोकांचं मत जोखायला नेमलं होतं, आणि रयतेची नाडी आपल्याइतकी कुणालाच कळत नाही, असं त्याला मनापासून वाटे.

एरवी निरंजनबुवा या जुन्या शिष्याला वर देवापाशी बोलावत. आज ते स्वतःच देवळाच्या पायऱ्या उतरून लिंबाखाली आले होते. शिदोजीला वाटलं, आपला मान वाढला. हौदापाशी छावणीचा एक घोडा घामाने निथळत उभा होता, तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

“मडक्यात काय?”

“गावोगावचा कौल. घरटी एक दाणा. लढाई चालू ठेवा म्हणेल त्याने ज्वारीचा टाकायचा, पुरे म्हणेल त्याने उडदाचा. शिमग्याला मडकं काळंकुट्ट होतं. दसऱ्याला निम्मंनिम्म. आणि आता बघा, सगळी ज्वारी! उद्या दरबारात मांडतो. राजेसाहेब आणखी फौज धाडतील.”

“तुझा येसबा आघाडीवरच आहे ना?”

“आहे की.” शिदोजीचा आवाज जरा उतरला. “एकुलता एक... पण नाव काढील पोरगा.”

बुवांनी मूठभर ज्वारी उचलली आणि हळूहळू परत सोडली.

“मडकं ठेवतोस कुठे?”

“ग्रामदेवतेपुढे. देवासमोर कोण खोटं बोलेल?”

“आणि सुतकातली घरं?”

“ती कशी येतील? सुतकात कुणी देवळाची पायरी चढतं का? ती वगळतो.”

“शिमग्याला किती वगळलीस?”

“असतील... गावात एखाददुसरं.”

“आणि आता?”

शिदोजी बोटांवर घरं मोजू लागला. बोटं पुरेनात.

आता गल्लीच्या गल्ली दारं लोटून बसली होती. एकाचं सुतक फिटतं न फिटतं तोच भावकीत दुसऱ्याचा निरोप येई. कौलाचं बोलावणं करताना ही दारं टाळून पुढे जाणारा तोच होता. ज्यांची पोरं आघाडीवर, तीच घरं उडीद टाकत. काळे दाणे पांढरे झाले नव्हते. ते घरीच राहिले होते.

एवढी मढी डोळ्यांसमोर असून आपण त्यातून होकार मोजत होतो!

“बुवा... मी उद्या काय सांगणार होतो हो! या मडक्यावर आणखी पोरं...” त्याने मडक्याच्या तळातून उडदाचा एक दाणा शोधून काढला. “नव्याने कौल घेतो. दारोदार जाऊन. पहिला दाणा माझा, आत्ता, इथल्या देवापुढे. थांबू दे ही लढाई. माझा येसबा घरी येऊ दे.”

तो पायऱ्यांकडे धावला.

बुवांनी हात आडवा घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शिदोजी चक्रावून मागे वळला, आणि तेव्हा कुठे त्याला हौदापाशी उभा असलेला घोडा दिसला.

“बुवा...? मला वर जाऊ द्या.”

“नको, बाळा. आज तुला पायरी चढता येत नाही.”