पुढच्या चाकांवरचा ओटा

“पुढच्या एक्सलवर वजन किती?”

धैर्यशीलच्या हातातला नारळ हातातच राहिला.

“अख्खी गाडी पंधरा टन भरली, उस्ताद. पासिंग सोळा टनांचं आहे. टनभर हात राखूनच बांधलीय.”

“अख्खीचं कोण विचारतंय?” बाबालाल उस्ताद म्हणाले. “पुढचं सांग.”

धैर्यशील हसला. बारा वर्षांत म्हातारा तसूभर बदलला नव्हता.

घाटमाथ्यावरच्या ह्याच पत्र्याच्या दुकानात धैर्यशील सुतार टायर खोलायला शिकला होता. चार वर्षं इथं राबला, उस्तादांच्या शिव्या खाल्ल्या, मग कोल्हापूरला जाऊन गाड्यांच्या बॉडी बांधायचा कारखाना टाकला. आणि आज तो आपलं सगळ्यात मोठं काम घेऊन आला होता. बसच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतंफिरतं घर! पलंग, न्हाणी, फ्रीज, सगळं काही. घाट उतरला की राजापूर. तिथले एक डॉक्टर आपल्या आईवडिलांना ह्याच घरातून देश दाखवणार होते. दुपारी एकला गाडी सोपवायची होती. मांडव पडला होता, पाहुणे जमत होते. हौसेनं धैर्यशीलची बायको शोभना आणि आठ वर्षांची गार्गीही बरोबर निघाल्या होत्या.

उस्तादांच्या हातचा नारळ पुढच्या चाकापाशी फुटल्याशिवाय गाडी घाटाखाली न्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ते खरंच होतं. पण आपण किती मोठे झालो ते म्हाताऱ्यानं डोळ्यांनी बघावं, हेही तितकंच खरं होतं.

“आधी आत तर या.”

उस्ताद पायरी चढले. पलंग बघितला, न्हाणी बघितली, फ्रीज उघडून परत लावला. ड्रायव्हरच्या सीटमागे मात्र त्यांची नजर अडली. तिथं काळा कुळकुळीत कडप्प्याचा ओटा होता, कुठल्याही स्वयंपाकघरात असावा तसा.

“हा दगड गाडीत?”

“डॉक्टरांच्या आईची अट. पत्र्याच्या फळीवर मी भाकरी थापणार नाही म्हणाल्या. मग बांधला खरा ओटा. खाली चारशे लिटरची टाकी. घर म्हटलं की नळाला पाणी नको का?”

“आणि वरच्या माळ्यात?”

“त्यांचीच भांडी. तांब्यापितळेची. आधीच पाठवून दिली.”

“सगळं पुढंच?”

“मागं पलंग आलाय ना, उस्ताद.”

उस्ताद खाली उतरले. पुढच्या टायरला उलटा हात लावून बघितला.

“हवा?”

ह्या प्रश्नाची धैर्यशील वाटच बघत होता. “पहाटे मोजली, टायर गार असताना. दोन्हीकडे एकशे वीस. टायरवर लिहिलीय तेवढी, पुरेपूर. आणि गेज तुम्हीच दिलेलं.”

“हवा बरोबर आहे.”

चार वर्षांच्या चाकरीत ही शाबासकी एकदाही मिळाली नव्हती. त्याला भरून आलं.

“मग फोडा नारळ.”

“समोर खडीच्या क्रशरचा वजनकाटा आहे,” उस्ताद म्हणाले. “पुढची चाकं तेवढी त्याच्यावर चढव. मागची रस्त्यावर राहू देत.”

साडेदहा वाजले होते. धैर्यशीलनं कपाळाला आठ्या घातल्या, पण गेला. परत आला तेव्हा हातात चिठ्ठी होती आणि चेहरा उतरला होता.

“सहा टन आठशे.”

“टायर किती पेलतो?”

ते वाचायला वाकायची गरज नव्हती. ते त्याला पाठ होतं. “तीन टन. दोन मिळून सहा.”

…

उस्ताद बाकड्यावर बसले. दुकानाच्या दारावर एक जुना टायर टांगलेला होता, कडेला हातभर फाटलेला. शिकत असताना धैर्यशील सारखा विचारायचा, हा कुणाचा, उस्ताद? उस्ताद दर वेळी म्हणायचे, टायर खोल. त्याच्याच खाली ते आज बसले होते.

“मग पाच-दहा पाउंड हवा वाढवून द्या,” धैर्यशील म्हणाला.

“एकशे वीसच्या वर टायर बनवणाऱ्यानं काय लिहिलंय?”

“काही नाही.”

“मग मी काय लिहू?”

“पण मागं पेलतं त्यापेक्षा वजन कमीच आहे ना! एकूण हिशेब धरला तर…”

“मागं एकेका बाजूला दोन-दोन टायर. एक गेला तर शेजारी भाऊ उभा असतो.” उस्तादांनी पुढच्या चाकाकडे हनुवटी केली. “ह्याला कोण आहे? आणि स्टेअरिंग कुणाच्या हातात?”

धैर्यशीलचा फोन वाजला. डॉक्टर होते. कुठवर आलात, भटजी आलेत. हो हो, निघालोच, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

“हळू उतरतो. दुसऱ्या गिअरवर.”

उस्तादांनी नकाराची मान हलवली.

“काय करू मग, सांगा की!”

“ओटा काढ. पाणी सोड. भांडी मागं ने.”

“इथं? रस्त्यावर? चार दिवस लागले तो ओटा बसवायला! मांडवात काय दाखवू, भगदाड?”

उस्ताद पुढच्या चाकाकडेच बघत होते. ते बघणं धैर्यशीलला बोचू लागला. कोल्हापुरात तीस माणसं त्याच्या शब्दावर चालत होती, आणि इथं एका कॉम्प्रेसरवर जन्म काढलेला माणूस त्याला पोरासारखं उभं करत होता. तोंडातून जायचं ते गेलंच.

“माझं मोठं झालेलं बघवत नाही तुम्हाला. दुसरं काही नाही.”

शोभनानं दारातून ऐकलं. “अहो!” ती दबक्या आवाजात म्हणाली. पण शब्द गेला तो गेला.

उस्तादांनी नारळ उचलला, त्याच्या हातात परत दिला.

“जा बाबा. गाडी तुझी हाय.”

धैर्यशील तिरमिरीत सीटवर चढला. किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं. समोरचे सगळे काटे जिथल्या तिथं होते, एकही लाल दिवा नव्हता. त्याला तेवढंच बरं वाटलं.

उस्ताद चालत गाडीच्या दाराशी आले. त्यांनी दोन्ही हात वर केले, आत उभ्या असलेल्या गार्गीकडे.

“ये गं बाय. खाली ये. चहा-बिस्कीट खाऊ. मग आपण दोघं एसटीनं जाऊ खाली, तुझ्या बापाच्या मागनं.”

गार्गीनं वळून बापाकडे बघितलं.

“कशाला?” धैर्यशील ओरडला. “ती माझ्याबरोबर येणार!”

उस्तादांचे हात तसेच वर राहिले. म्हातारे हात, पण खाली येईनात.

शोभनाचा हात पोरीच्या खांद्यावर घट्ट झाला. ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली.

…

इंजिन चालू होतं. धैर्यशीलचा पाय क्लचवर होता. घाटातलं तिसरं वळण त्याला आठवलं. तिथं डावीकडे कठडाच नाही. पोरगी द्यावी तर गाडी खोटी ठरते. न द्यावी तर…

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मग डॉक्टरांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं. पुढं वजन जास्त भरलंय, चूक माझी. ओटा आज येणार नाही, गाडीही उशिरा येईल. डॉक्टर चिडले. पाहुणे काय म्हणतील, आईला काय सांगू? धैर्यशीलनं सगळं ऐकून घेतलं.

टाकीचं पाणी सोडलं तेव्हा ते दुकानासमोरून रस्ताभर पसरलं. क्रशरवरचे चार गडी आले, पहार घातली. आपण घासून पुसून बसवलेला दगड धैर्यशीलनं स्वतः उचकटला. एक कोपरा तुटला. शोभनानं माळ्यातले हंडे-कळशा एकेक करून मागं पलंगाखाली नेल्या. उस्तादांनी कशाला हात लावला नाही. गार्गीला बिस्कीट चहात किती वेळ धरायचं ते शिकवत ते बाकड्यावर बसून राहिले.

एक वाजता गाडी पुन्हा काट्यावर चढली, पुढची चाकं तेवढी.

“पाच टन नऊशे साठ,” धैर्यशील म्हणाला. आवाजात ऐट नव्हती.

उस्ताद उठले. गार पडलेल्या टायरला गेज लावलं. एक बाजू, मग दुसरी. दोन्हीकडे एकशे वीस, पहाटे होती तेवढीच. त्यांनी हात पुढं केला. धैर्यशीलनं नारळ दिला. चाकापाशी एका ठोक्यात तो फुटला.

धैर्यशील त्यांच्या पाया पडायला वाकला. मघाच्या शब्दांची माफी मागायची होती, पण ती येईना. वर बघितलं तर समोर दारावर तो फाटका टायर.

“उस्ताद… एवढं तरी सांगा आता. हा टायर कुणाचा?”

उस्तादांनी गेज धोतराला पुसलं. हळूच खिशात ठेवलं.

“हवा मी भरली होती,” ते म्हणाले. “बरोबर भरली होती. पुढचं वजन तेवढं विचारलं नव्हतं.”