निळ्या रंगाखालचा गंज

खाडीकाठच्या एका गावात वासुअण्णा नावाचे एक शंकेखोर गृहस्थ राहत होते. दाराला कुलूप लावून निघाले, तरी अर्ध्या वाटेवरून परत येऊन ते ओढून पाहत. गाव त्यांना मागून शंकासुर म्हणे, आणि ते अण्णांना ठाऊक होते.

त्याच गावात इनास सायकलवरून पाव विकायचा. पहाटे भट्टीतून पाव घ्यायचे, खाडीवरचा साकव, म्हणजे अरुंद पूल, ओलांडायचा आणि होड्या मासेमारीला सुटण्याआधी पलीकडच्या वाडीत पोहोचायचे, हे त्याचे काम. एके दिवशी साकवाच्या उतारावर त्याच्या सायकलचा सांगाडा मोडला. चाके वाचली, कोपर सोलले, पाव खाडीत गेले. दुसरा सांगाडा लवकर मिळाला नसता, तर वाडीतली गिऱ्हाइके तुटली असती.

अण्णांची जुनी सायकल पडवीत उभी होती. गुडघे धरल्यापासून ती त्यांना चालवता येत नव्हती. गावची एक रीत होती. पावसाळ्याआधी होड्या रंगवून झाल्या की उरलेला निळा रंग फाटकाला, डब्याला, सायकलला, जे लोखंड समोर येईल त्याला फासायचा. वर्षानुवर्षे रंगावर रंग चढे. अण्णांची सायकलही मोरासारखी चमकत होती.

सांगाडा शोधत त्यांच्या दारी आलेला इनास ती पाहताच म्हणाला, "अण्णा, ठरलं. सांगाडा मी घेतो."

"थांब रे. मला जरा शंका आहे."

"शंका गिऱ्हाइकाला यायची. तुम्हाला कशाला?"

अण्णांनी सुरी आणून रंग खरवडला. खाली तांबूस गंज निघाला. इनासचा चेहरा उतरला. अण्णांनी आणखी घासले, तेव्हा पोलाद चकाकले.

"हा वरचा गंज. याचं भय नाही," ते म्हणाले.

मग पाना घेऊन ते नळी ठोकत निघाले. वर खणखणीत आवाज आला. मध्येही तसाच आला. इथे थांबले असते, तर सौदा झाला असता.

दारात उभी असलेली त्यांची बायको इनासला म्हणाली, "बरं झालं, लग्नाच्या वेळी यांच्या हातात पाना नव्हता."

अण्णा हसले, पण थांबले नाहीत. खाली, पायडलजवळच्या सांध्याशी, नळी भद्द वाजली. त्यांनी सीटची दांडी उपसून सांगाडा उलटा केला. आतून गंजाच्या खपल्या गळाल्या. सीटखालून आत शिरलेले पावसाचे पाणी त्या सांध्यात साचत आले होते. अण्णांनी तिथे टोचा दाबला. तो आरपार गेला.

"मी वेल्डिंग करून घेतो ना," इनास काकुळतीने म्हणाला.

"कुजलेल्या लोखंडाला जोड धरत नाही. तू साकवावर असशील आणि मी इथे अंथरुणात तळमळत असेन. नको, बाबा."

दुसऱ्या दिवशी अण्णा दुखऱ्या गुडघ्यांनिशी इनासबरोबर तालुक्याच्या भंगारवाल्याकडे गेले. पुष्कळ ठोकाठोक करून त्यांनी एक रंग उडालेला, तांबडालाल सांगाडा निवडला.

"याला कुत्रंसुद्धा हुंगणार नाही, अण्णा."

पण खरवडल्यावर तो उजळला, आतून कोरडा निघाला आणि पायडलपाशीदेखील घंटेसारखा वाजला.

तरी अण्णांना चैन पडेना. इनास भरली टोपली घेऊन पहिल्यांदा निघाला, त्या पहाटे ते साकवापाशी जाऊन उभे राहिले. सायकल उतारावरून गेली, पार झाली, पलीकडून घंटी वाजली. तेव्हा कुठे ते घरी फिरले.

त्यांचा निळा सांगाडा परसात पडवळाच्या वेलाला आधार म्हणून उभा राहिला. पडवळांचा भार तो पेलेल ना, ही शंका अण्णांना अधूनमधून येई. आणि त्यांना मागून शंकासुर म्हणणारे लोक, जुनी वस्तू घ्यायची झाली की आधी त्यांच्याच दारात येऊ लागले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या मालावर शंका कोणीही घेतो. जो आपल्याच मालावर पाना मारून पाहतो, त्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा.