कुलपाला टेकलेला तंबू

एकदा एक वृद्ध परिक्रमावासी आपल्या शिष्यासह दुपारी चार वाजता नर्मदाकाठच्या एका गावात पोचले. घाटावर दगडी धर्मशाळा होती, पण तिच्या दाराला कुलूप होते. शेजारच्या माळावर एका व्यापाऱ्याचे भाड्याचे तंबू ओळीने उभे होते.

"नर्मदे हर, महाराज!" व्यापारी तोंडभर हसला. "धर्मशाळा आतून ढासळलीय. साप निघतात. आमच्याकडे गादीसकट तंबू मिळेल, दर माफक."

शिष्याने कुलपाकडे पाहिले. ढासळलेल्या घराला इतके चकचकीत कुलूप?

पायरीवर एक म्हातारी खोकत बसली होती. पैसा जवळ न बाळगण्याचा नेम घेऊन ती एकटीच चालत होती. "मी पडेन उघड्यावर," ती म्हणाली. पण पौषातला वारा सुटला होता आणि तिचे अंग तापाने फणफणत होते.

गुरूंच्या पाठीवर स्वतःचा लहानसा तंबू होता. माळावरच्या झाडाचा आडोसा सोडून ते धर्मशाळेच्या ओसरीवर चढले, तंबूची दोरी दाराच्या कडीलाच बांधली आणि म्हातारीला आत निजवले.

व्यापारी धावत आला. "दाराला खेटून कशाला? साप आहेत म्हटलं ना!"

"साप कुलूप लावून राहतात, हे आजच कळलं."

"थट्टा नको, महाराज. संध्याकाळी मला..." तो अडखळला.

"तुम्हाला काय?"

"काही नाही."

शिष्य ओशाळला. "गुरुजी, मिळेल ते मुकाट घ्यावं, असा आपला नेम ना?"

"नेम न मागण्याचा आहे, बाळा, न विचारण्याचा नाही. आपण हात जोडतो आणि पहाटे पुढे निघतो. उद्या जाब विचारायला आपण इथे नसणार, हे कुलूप लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आज मात्र ज्याला हे दार उघडायचं असेल, त्याला आधी या माईला उठवावं लागेल."

दिवस मावळताना मोटारीतून एक मोठे कुटुंब उतरले. त्यांना गाद्या हव्या होत्या. व्यापारी बराच वेळ घुटमळला, शेवटी मान खाली घालून ओसरीवर आला आणि त्याने कमरेची चावी काढली.

आत छप्पर शाबूत होते, फरशी कोरडी होती. भिंतीला लागून गाद्यांची थप्पी होती. शिष्याने म्हातारीला उचलून त्यांतल्याच एका गादीवर ठेवले आणि आयुष्यात प्रथमच आवाज चढवून विचारले, "ही चावी तुम्हाला कोणी दिली?"

व्यापाऱ्याने गावच्या सरपंचांचे नाव सांगितले. सरपंच म्हणाले, धर्मशाळेच्या विश्वस्तांना विचारा. विश्वस्त म्हणाले, सरपंचांना.

यात्रेकरूंसाठी बांधलेल्या त्या वास्तूची चावी एका व्यापाऱ्याच्या हाती कोणी दिली, हे आजतागायत कोणीही सांगितलेले नाही.