कुठला चौथरा?

“बसून राहणाऱ्यांनीच या शहराचं वाटोळं केलंय! खरं की नाही, वस्ताद?”

हिंदुराव वस्ताद आखाड्यातली माती फावड्यानं उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अभिनंदन चौगुले उंबऱ्याबाहेर उभा होता. लहानपणी पाच वर्षं तो याच मातीत लोळला होता. मग शिकायला बाहेर गेला, नगररचनेची पदवी घेऊन परतला आणि आता नगरपालिकेत साहेब झाला होता. हातात नकाशाची गुंडाळी.

“तालमीबाहेरचा कट्टा पाडतोय. तिथं अभ्यासिका बांधणार. साठ पोरं, साठ टेबलं, प्रत्येकाला वेगळा कप्पा. कुणाचा कुणाला त्रास नाही. तुमचा आशीर्वाद हवाय.”

“लोकास्नी इचारलंस?”

“पेठेतल्या प्रत्येक घरी बंद पाकिटात नोटीस दिली. हरकत घ्यायला तीस दिवस दिले. आज पाचला मुदत संपते.” अभिनंदनची छाती फुगली. “एकही हरकत नाही, वस्ताद. एकसुद्धा! कट्टा कुणालाच नकोय.”

“माझ्या घरी बी दिलीस?”

“मी स्वतः दिली.”

“मला वाचता येत न्हाई, हे इसरलास.”

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं. “चल, वाचून दाव.”

“आत्ता वाचतो की. ऐका...”

“हितं न्हवं. कट्ट्यावर.”

“तिथं कशाला? सगळ्यांनी घरी वाचलीय ती.”

वस्ताद उंबरा ओलांडून गेलेही होते.

चार वाजून गेले होते. तालमीच्या भिंतीला लागून काळ्या दगडांचा लांब कट्टा. त्यावर वीस-पंचवीस माणसं. मैनुद्दीन टेलर बशीत चहा ओतून पीत होता. सगुणाबाईनं ताकाची घागर शेजारी टेकवली होती. कडेला वैदेही पोलीस भरतीचं पुस्तक घेऊन बसली होती.

“वर चढ,” वस्ताद म्हणाले.

अभिनंदन कट्ट्यावर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला. “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदरहू चौथरा निष्कासित करण्याचे प्रस्तावित आहे...”

वाचून झालं. जो तो आपल्या चपलांकडे बघत होता.

“साहेब,” मैनुद्दीन हळूच म्हणाला, “माझी नोटीस अशी चारचौघांत कशाला वाचता?”

“तुझी कशी?” सगुणाबाई म्हणाली. “ती माझी हाय. माझी पायरी रस्त्यात आलीया म्हणून. कुणाला कळाय नको, म्हणून मी चुलीत घातली.”

“माझीपण पायरीचीच,” मागून कुणीतरी म्हणालं.

“थांबा, थांबा. सगळ्यांना आली होती?” मैनुद्दीन बशी ठेवून उभाच राहिला. “आणि मी येड्यानं दुकानाचा ओटा स्वतःच्या हातानं फोडला! महिना झाला, गिऱ्हाईक उडी मारून आत येतंय!”

कट्टा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. वस्तादही हसले.

वैदेहीनं पुस्तक मिटलं. “साहेब, निष्कासित म्हणजे पाडणार, हे कळलं. पण मग चौथरा कुठला?”

अभिनंदन उत्तर द्यायला गेला आणि अडकला. चौथरा हा शब्द त्यानं त्या कागदांवर कितीदा लिहिला होता. पण पेठेत कुणी कधी या जागेला चौथरा म्हटलं होतं? त्यानं स्वतः तरी कधी म्हटलं होतं?

त्यानं बोट खाली केलं. आपल्याच पायांकडे.

हसणं थांबलं...

“कट्टा?” सगुणाबाई म्हणाली.

मग जे झालं ते बघायला हवं होतं. वैदेहीनं वहीची पानं टराटरा फाडली. ज्यांना लिहिता येत होतं ते, ज्यांना येत नव्हतं त्यांच्यासाठी लिहू लागले. एकच चष्मा पाच नाकांवर फिरला. सगुणाबाई गल्लीत शिरली आणि दारं ठोठावत हाका मारत सुटली. घराघरांतून माणसं आली, कुणाचे हात पिठाचे, कुणाची अर्धी दाढी तशीच.

हरकती स्वीकारायचा अधिकार अभिनंदनचाच. त्यानं पहिला कागद घेतला. “कारण लिहिलंय का?” त्यानं साहेबी आवाजात विचारलं.

लिहिलं होतं. कागद सगुणाबाईचा होता. “भरली घागर एकटीला डोक्यावरून उतरवता येत नाही. कट्ट्यावर कुणीतरी हात लावतं.”

दुसरा कागद. “बायको वारल्यावर पहिल्यांदा इथं जेवलो.”

तिसरा वैदेहीचा. “घरी गणित अडलं की अडतंच. इथं कुणीतरी सोडवतं.”

चौथ्या कागदापासून साहेबी आवाज ऐकू आला नाही.

शंभराहून जास्त हरकती आल्या तर प्रस्ताव रद्द, असा नियम होता. पाचला दहा मिनिटं कमी असताना दोनशे अकरा झाल्या. दोनशे बारावा कागद अभिनंदननं स्वतःच्या नावानं लिहिला. तोही याच पेठेचा रहिवासी होता.

“प्रस्ताव पडला!” वैदेही ओरडली.

तालमीतले पैलवान लंगोटावरच बाहेर धावत आले आणि त्यांनी शड्डू ठोकले. मांड्यांचा तो आवाज चौकात घुमला, आणि पेठेनं असा गलका केला की वरच्या खिडक्या उघडल्या.

“आणि अभ्यासिका?” अभिनंदननं विचारलं. “पोरांना जागा तर हवीच आहे, वस्ताद.”

“तालमीची माडी रिकामी हाय. माती खाली, पुस्तकं वर.”

अभिनंदननं नकाशाची गुंडाळी काखेत मारली.

“तीस दिवस घरोघरी सांगितलं, वस्ताद. एकालाही कळलं नाही. असं कसं?”

वस्तादांनी हातावरची माती झटकली.

“घरोघरी सांगितलंस, ते खरं... पेठेला आज सांगितलंस.”

अभिनंदन उभाच होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत कट्ट्यावर तसूभर जागा उरली नव्हती.

मैनुद्दीन टेलरनं शेजाऱ्याला कोपर मारलं.

“सरका की जरा! माणूस वाढलाय.”